देवापुढे तोंड सांभाळून कशाला बोलायचं?

जय ख्रिस्त मंडळी. आज प्रार्थनेवर बोला म्हणून सांगितलंय, आणि अर्ध्या तासात आटपा असंही बजावलंय, तर प्रस्तावना वगैरे सोडून देते आणि सरळ बायबलमधल्या हन्नाकडे येते.

1 शमुवेल, पहिला अध्याय. गोष्ट संडे स्कूलपासून पाठ आहे आपल्याला, पण आपण ती तिच्या मुलाच्या, शमुवेल संदेष्ट्याच्या, जन्मापर्यंत भरभर पळवतो. जरा थांबा ना. दरवर्षी शिलोला परमेश्वराच्या मंदिरात जायचं, यज्ञ व्हायचा, सगळे जेवायला बसायचे, आणि दरवर्षी सवत पनिन्ना मूल नाही म्हणून हिला टोचून टोचून बोलायची. नवरा एलकाना प्रेमळ, त्यात शंका नाही, पण तो म्हणतो काय, तर मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का! आता यावर बाईने काय बोलावं, सांगा. ती उठते आणि परमेश्वरापुढे जाऊन ढसाढसा रडते. ओठ हलतायत, आवाज नाही. दारापाशी बसलेला एली याजक तिच्या तोंडाकडे बघतो आणि त्याला वाटतं बाई पिऊन आलीये. उभं आयुष्य देवाच्या दारात काढलेला माणूस, आणि खरी प्रार्थना समोर चालू असताना त्याला ओळखू येत नाही!

हन्ना पण गप्प बसत नाही हां. दारूबिरू काही नाही महाराज, मी माझा जीव परमेश्वरापुढे ओतत होते, असं तोंडावर सांगते. मग एली तिला आशीर्वाद देतो, ती जाते, जेवते, चेहरा उतरलेला राहत नाही. मूल अजून कुठाय? काहीच झालेलं नाहीये अजून, फक्त मनातलं सगळं बोलून झालंय आणि एका म्हाताऱ्याने शांतीने जा म्हटलंय.

आता आपली कॉटेज मीटिंग, म्हणजे घरोघरची प्रार्थनासभा, आठवा. हे दयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी अयोग्य लेकरं, इथून जी गाडी सुटते ती येशूच्या नावाने मागतो, आमेन, इथेच थांबते. त्या शब्दांशी माझं भांडण नाही, आपल्या आज्या त्याच शब्दांवर तरल्या. पण एखादीचा मुलगा दारूपायी वाया गेलाय, दागिने गहाण पडलेत, आणि ती उभी राहून म्हणते प्रभू सगळ्यासाठी तुझे आभार, आणि घरी जाताना रिक्षात शेजारणीला सगळी कहाणी सांगते. म्हणजे शेजारणीला खरं, आणि देवाला नुसता रिपोर्ट.

बायबल असं शिकवत नाही हो. 150 स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश तर गाऱ्हाणीच आहेत. तेरावं काढा, पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा किती वेळ, किती वेळ. यिर्मया संदेष्टा तर देवाला म्हणतो तू मला फसवलंस. आणि सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र बघा, देवाची बाजू घेऊन इतकं शुद्ध बोलले, आणि शेवटी देव रागावला कुणावर, तर त्यांच्यावर, माझ्याविषयी माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही नीट बोलला नाहीत म्हणून. भांडला होता ईयोब!

आणि आपण मराठी ख्रिस्ती, आपल्याला तर हे परकं वाटायलाच नको. या मातीत तुकोबा विठ्ठलाशी कडाकडा भांडलेत. ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते स्वतः सांगत. येशूला माउली म्हणणारा कवी तो. आईशी कुणी अर्ज लिहिल्यासारखं बोलतं का?

तुम्ही म्हणाल, मग तुझ्या इच्छेप्रमाणे होवो याचं काय? क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू ते म्हणाला, बरोबर, पण त्याच्या आधी काय म्हणाला ते बघा. हा प्याला माझ्यावरून टळून जाऊ दे. आधी मागितलं, सरळ मागितलं, आणि तीन वेळा तेच मागितलं. आपण काय करतो, तुझी इच्छा पहिल्याच वाक्यात टाकून मोकळे होतो, कारण मागायची भीती वाटते, मागितलं आणि नाही मिळालं तर? मला विचाराल तर ती पुष्कळदा नम्रता नसतेच, ती स्वतःला वाचवायची युक्ती असते.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली की इस्राएल लोकांनी रानात कुरकुर केली तर त्यांना शिक्षा झाली, मग आपण तक्रार कशी करायची. चांगला प्रश्न आहे. बायबलमधलं अनुवाद हे पुस्तक, पहिला अध्याय काढा, तिथे लिहिलंय ते आपापल्या तंबूत कुरकुरले. देवाबद्दल बोलले, देवाशी नाही. हन्ना उठून त्याच्याकडे गेली. एवढाच फरक आहे, पण सगळं त्यातच आलं.

हे सगळं चारचौघांत माईकवर करा असं मी म्हणत नाहीये, त्यासाठी मत्तय सहाव्या अध्यायात येशूने प्रार्थनेसाठी सांगितलेली दार लावलेली खोली आहे, आणि एका खोलीत सहा माणसं राहत असतील तर गच्ची आहे, मोरी आहे. आज घरी गेल्यावर 88 वं स्तोत्र मोठ्याने वाचा. ते अंधारातच संपतं. ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र केली त्यांनी ते तसंच ठेवलंय, तुम्हीही शेवटी आपल्या मनाने हालेलूया जोडू नका.