शेवट सांगितला तरी चालेल

(फोंड्यातल्या एका व्याख्यानमालेतलं भाषण, थोडी काटछाट करून)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘आर्ट फिल्म कशाला म्हणायचं?’ मला पाऊण तास दिला होता, त्यातली दहा मिनिटं माझी ओळख करून देण्यात गेली. त्यातली बरीचशी माहिती मलाही नवीन होती.

२००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरायला लागला आणि दर नोव्हेंबरात गळ्यात कार्ड अडकवून हिंडणारी एक जमात आपल्याकडे तयार झाली. मीही त्यातलाच. एकदा आयनॉक्सबाहेर रांगेत उभा होतो. मागच्या गृहस्थांनी विचारलं, कुठला बघताय? मी नाव सांगितलं. तर म्हणतात कसे, “पात्रांव, हांवें काल पळयला. निमाणें म्हातारो मरता.” म्हणजे शेवटी म्हातारा मरतो!

हसताय काय! माझा जीव किती जळला असेल? आत जाऊन बसलो. म्हातारा जिना चढतोय, मला वाटतंय आता कोसळणार. खोकला आला, की झालंच. पण मरतोय कुठला? शेवटी मी त्याच्या मरणाची वाट पाहणं सोडून दिलं, आणि तेव्हा कुठे पिक्चर दिसायला लागला. चहा पिऊन झाल्यावर तो कप बशीत ठेवतो, तेव्हा आवाज होऊ नये म्हणून मध्ये स्वतःचं बोट घालतो. का, तर शेजारी नातू निजलाय. मग बोट हळूच काढून घेतो. शेवटाची उत्सुकता डोक्यात असती तर ते बोट मला दिसलं असतं का? त्या गृहस्थांना नंतर शोधलं, आभार मानायला. खरं तर भांडायला. सापडले नाहीत.

आता आपल्या जत्रेतलं नाटक घ्या. ‘सौभद्र’ १८८२ सालचं. सुभद्रेचं लग्न अर्जुनाशीच होणार, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी आपण देवळापुढे मांडी घालून रात्रभर बसतो. कृष्ण ‘प्रिये पहा’ हे पहाटेचं पद म्हणायला लागतो तोवर बाहेर खरोखरच उजाडायला आलेलं असतं, आणि तरी आपण ओरडतो, वन्समोअर! तेव्हा कुणी म्हणतं का, नाटक संथ आहे? तीच माणसं दोन तासांच्या सिनेमात घड्याळ बघतात. पुढे काय होणार, यासाठी आपण जत्रेत बसतच नाही. गाणारा आज ती जागा कशी घेतो, त्यासाठी बसतो. (मागचे लोक, भजी आली असली तरी पाच मिनिटं कळ काढा.)

तर माझं म्हणणं एवढंच की शेवट आधी सांगूनही ज्याचं काही बिघडत नाही, ती आर्ट फिल्म. चिठ्ठी आली, आता पळवतो.

लोक म्हणतात, गाणी नसली की आर्ट. मग १९७७ चा ‘जैत रे जैत’ कुठे बसवणार? तो तर गाण्यांवरच उभा आहे. सरकारी पैसा? फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन १९६० साली निघालं, ‘भुवन शोम’ त्याच्याच पैशावर झाला, खरं. पण १९७६ चा ‘मंथन’ गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून उभा केला. चालत नाही तो आर्ट? १९८३ चा ‘अर्धसत्य’ चांगला चालला. मणी कौलांच्या ‘उसकी रोटी’त ड्रायव्हर नवऱ्याची भाकरी घेऊन एक बाई बसची वाट बघत उभी असते. सांगितली मी गोष्ट. काही बिघडलं? ‘पथेर पांचाली’त दुर्गेनं चोरलेली माळ ती वारल्यावर तिच्या धाकट्या भावाला, अपूला सापडते आणि तो ती तळ्यात फेकतो. शेवाळ बाजूला सरतं, पुन्हा मिटतं. मला हे पाठ आहे, तरी शेवाळ मिटताना दर वेळी घसा दाटतो.

काय म्हणालात? ‘शोले’ही पाठ आहे, मग ती आर्ट फिल्म का? बाब, वाटच बघत होतो या प्रश्नाची. ‘शोले’ आपण पुन्हा पुन्हा बघतो, कबूल. पण पहिल्यांदा बघताना ‘गब्बरचं काय होणार’ हाच प्रश्न आपल्याला खुर्चीत धरून ठेवतो. ‘उसकी रोटी’तल्या त्या बाईकडे पहिल्यांदा बघतानाही तो प्रश्न पडत नाही. नाही पटलं? मग भजी खाताना भांडू.