धक्क्यावरचं रिकामं स्टेज

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेच्या नकाशावर मॅसॅच्युसेट्स राज्याकडे पाहिलंत, तर कोपरात वाकवलेल्या हातासारखा एक भूभाग अटलांटिक महासागरात गेलेला दिसतो. तो केप कॉड. त्या हाताच्या अगदी टोकाला, मुठीपाशी, प्रॉव्हिन्सटाउन हे गाव आहे. मासेमारीचं गाव. पोर्तुगालहून आलेल्या कोळ्यांची वस्ती, समांतर जाणारे दोन अरुंद रस्ते, आणि रस्त्यापासून खाडीत घुसलेले लाकडी धक्के. 1899 साली तिथे चित्रकलेची एक शाळा निघाली आणि उन्हाळ्यात चित्रकार येऊ लागले. 1914 मध्ये युरोपात महायुद्ध पेटलं. पॅरिसला जाणारी अमेरिकन कलावंत मंडळी अडकली, आणि त्यांतली बरीच या गावाकडे वळली. न्यूयॉर्कचे पत्रकार, कवी, कथाकार, समाजवादी कार्यकर्ते, सगळे उन्हाळाभर इथे खोल्या घेऊन राहू लागले.

याच गावात, 1916 च्या ऑगस्टमध्ये, आधुनिक अमेरिकन रंगभूमीवरची एक अस्सल एकांकिका जन्माला आली. तिचं नाव 'ट्रायफल्स'. म्हणजे किरकोळ गोष्टी. लेखिका सुझन ग्लास्पेल. ती तिला सुचली कशी, हे मला आज तुम्हाला सांगायचं आहे. कारण स्फूर्तीविषयी आपण जे धूसर बोलत असतो, ते सगळं या एका गोष्टीपुढे फार अपुरं वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. सुझन आयोवा राज्यातली, डॅव्हनपोर्ट गावची, जन्म 1876 चा. कथा-कादंबऱ्या लिहिणारी. तिचा नवरा जॉर्ज क्रॅम कुक, त्याला सगळे जिग म्हणत. ग्रीक साहित्याचा नाद असलेला, हाती घेतलेल्या कामात स्वतःला झोकून देणारा माणूस. 1911 मध्ये आयर्लंडच्या ॲबी थिएटरची मंडळी अमेरिकेच्या दौऱ्यावर आली होती, आणि आपल्या माणसांची, आपल्या बोलीतली नाटकं कशी असू शकतात हे त्याने तेव्हा पाहिलं होतं. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, तसलं काही नव्हतं. तिथे धंदा होता, ठरलेले साचे होते, आणि नव्या लेखकाला दार बंद होतं. सुझन आणि जिगने मिळून फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचं जे वेड तेव्हा लोकांना लागलं होतं, त्यावर एक छोटं विनोदी नाटक लिहिलं, ते न्यूयॉर्कच्या एका हौशी संस्थेनेही परत केलं.

मग 1915 च्या जुलैमध्ये त्यांनी ते प्रॉव्हिन्सटाउनला मित्रांच्या घरात केलं. त्या रात्री दोन एकांकिका झाल्या, दुसरी त्या घरच्या बाईंची, नीथ बॉइस यांची. नेपथ्य रॉबर्ट एडमंड जोन्स या तरुणाचं, जो पुढे अमेरिकेचा फार मोठा नेपथ्यकार झाला. त्याने काय केलं? पहिली एकांकिका घराच्या व्हरांड्यात लावली. प्रेक्षक खोलीत, नट व्हरांड्यात, आणि नटांच्या मागे खराखुरा समुद्र. ती संपल्यावर प्रेक्षकांना व्हरांड्यात बसवलं आणि दुसरी एकांकिका खोलीत केली. पडदा नाही, ट्रॉलीवरचं नेपथ्य नाही. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी शाळेच्या वर्गात बाकडी सरकवून नाटक केलं आहे, त्यांना हा आनंद वेगळा सांगायला नको.

घर पुरेना. मंडळींपैकी मेरी हीटन व्होर्स या पत्रकार बाईंच्या मालकीचा एक धक्का होता, लुईस व्हार्फ. त्यावर मासळीचं एक जुनं, कललेलं गोदाम. होड्या, जाळी बाहेर काढली, आत बाकडी टाकली, आणि दहा बाय बारा फुटांचं स्टेज उभं केलं. दहा बाय बारा! आपल्याकडे चाळीतली एक खोली तेवढी असते. मागची भिंत म्हणजे सरकती दारं होती. ती उघडली की रंगमंचाच्या मागे खाडी. फळ्यांच्या फटींतून खाली पाणी दिसायचं. वीज नव्हती तेव्हा विंगेत माणसं हातात कंदील धरून उभी राहत, आणि शेजारी आग विझवायला वाळू घेऊन आणखी माणसं.

1916 च्या उन्हाळ्यात नाटकं कमी पडू लागली. तेवढ्यात गावात एक अबोल तरुण येऊन राहिला होता. त्याच्यासोबतच्या म्हाताऱ्या मित्राला सुझनने विचारलं, तुमच्याकडे एखादं नाटक आहे का? तो म्हणाला, मी लिहीत नाही, पण या ओनील साहेबांकडे नाटकांची ट्रंक भरलेली आहे. तो युजीन ओनील. पुढे 1936 साली त्याला नोबेल मिळालं. त्याची 'बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ' ही एकांकिका 28 जुलैला त्या गोदामात झाली. जहाजाच्या तळाशी, खलाशांच्या खोलीत, यँक नावाचा खलाशी मरणपंथाला लागला आहे आणि मित्राशी बोलतो आहे, एवढीच गोष्ट. यँकचं काम जिगने केलं. त्या संध्याकाळी बाहेर धुकं होतं, भरती होती, पाणी गोदामाखाली आपटत होतं आणि फटींतून तुषार वर येत होते. नाटकाला जे हवं होतं ते समुद्राने आपणहून पुरवलं. जागा आणि नाटक यांची इतकी चपखल गाठ फार क्वचित पडते. इतिहासाच्या पुस्तकांत त्यामुळे ही संध्याकाळ ठळक छापली जाते, आणि ते योग्यच आहे.

पण मला जास्त ओढ आहे ती त्यानंतर दीड आठवड्याने, 8 ऑगस्टला, त्याच फळ्यांवर जे झालं त्याची.

जिगने पुढच्या प्रयोगांची घोषणा करताना सुझनच्या नाटकाचंही नाव जाहीर करून टाकलं. म्हणजे लेखिकेचं नाव. नाटक नव्हतंच. ती म्हणाली, माझ्याकडे नाटक नाही. तो म्हणाला, मग उद्या बसून लिहायला घे. ती म्हणाली, मला नाटक लिहिता येत नाही, मी ते शिकलेली नाही. त्यावर त्याचं उत्तर असं होतं की, तुझ्याकडे स्टेज आहे ना? आणखी काय पाहिजे?

हा सगळा प्रसंग सुझनने स्वतः पुढे नवऱ्याच्या चरित्रात लिहून ठेवला आहे. ती धक्क्यावर गेली. पाठ नसलेल्या एका बाकड्यावर एकटी बसली आणि त्या उघड्या, चिमुकल्या स्टेजकडे खूप वेळ पाहत राहिली. मागे समुद्र होता. पण हळूहळू तिला तिथे समुद्र दिसेना, स्वयंपाकघर दिसायला लागलं. चूल कुठे, टेबल कुठे, माडीवर जाणारा जिना कुठे. मग मागचं दार उघडलं आणि थंडीचे कपडे लपेटलेली माणसं आत आली. पुरुष दोन की तीन, हे तिला नक्की कळेना. पण दोन बायका होत्या, आणि त्यांचे पाय त्या स्वयंपाकघरात यायला तयार नव्हते, हे तिला पक्कं दिसलं.

श्रोतेहो, यात संवाद नाही, कथानक नाही, संदेश तर नाहीच. आधी जागा आली. मग दार. मग माणसं कशी आत येतात, कोण पुढे येतं, कोण उंबऱ्याशी रेंगाळतं. नाटक कथेपेक्षा वेगळं आहे ते इथेच. आणि ते तिला कुणी शिकवलं नाही, त्या दहा बाय बारा फुटांनी शिकवलं.

ते स्वयंपाकघर आलं कुठून? हजार मैलांहून दूरच्या आयोवातून, आणि सोळा वर्षांपूर्वीच्या काळातून. 1900 च्या डिसेंबरमध्ये इंडियानोला गावाजवळ जॉन हॉसॅक या शेतकऱ्याचा त्याच्या अंथरुणात कुऱ्हाडीने खून झाला. बायको मार्गारेट म्हणत राहिली की, मी शेजारी झोपले होते, मारेकरी मी पाहिला नाही. तिच्यावर खटला चालला. सुझन तेव्हा 'डे मॉइन डेली न्यूज'ची तरुण बातमीदार. तिने खटल्याच्या बातम्या भराभर लिहिल्या, आणि सुरुवातीच्या बातम्यांत मार्गारेट कठोर आणि थंड दिसते. मग ती हॉसॅकच्या घरी जाऊन आली. तुरुंगात असलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात ती उभी राहिली, आणि त्यानंतर बातम्यांचा सूर मऊ होत गेला. 1901 मध्ये मार्गारेटला जन्मठेप झाली. वरच्या कोर्टाने ती शिक्षा रद्द केली, 1903 च्या दुसऱ्या खटल्यात ज्यूरीचं, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं, एकमत झालं नाही, आणि ती सुटली. त्या ज्यूरीत बाई एकही नव्हती. तेव्हा तिथे बायकांना ज्यूरीत जागाच नव्हती.

सुझनला यावर कथा लिहायची होती. ती राहून गेली होती. धक्क्यावरच्या स्टेजने ती ओढून घेतली.

लिहिताना ती अडली की घरासमोरचा रस्ता ओलांडून पुन्हा गोदामात जायची, खाली लाटांचा आवाज ऐकत बसायची, आणि पुढचा भाग स्टेजवर दिसेपर्यंत थांबायची. कधी उलटंही व्हायचं. घरी लिहिलेलं एखादं वाक्य त्या फळ्यांवर उभंच राहायचं नाही. मग घरी जाऊन ते खोडायचं. दहा दिवसांत एकांकिका हातात होती. मिसेस हेलचं काम सुझनने केलं, आणि मिस्टर हेलचं जिगने.

आता नाटक. शेतावरचं एकाकी घर. घरधनी दोरीने गळा आवळून मारला गेला आहे, बायको मिनी कोठडीत आहे. शेरीफ, सरकारी वकील आणि शेजारी हेल पुरावा शोधायला आले आहेत, आणि सोबत दोन बायका आहेत, मिनीचे कपडे न्यायला. पुरुष स्वयंपाकघरावर नजर टाकतात, इथे काय असणार म्हणतात, आणि माडीवर जातात. थंडीत मुरंब्याच्या बरण्या फुटल्या असतील याची मिनीला कोठडीत काळजी आहे, यावर ते हसतात. बायका किरकोळ गोष्टींची चिंता करतात, हे हेलचंच वाक्य. आणि इकडे त्या दोघी, काहीही शोधायचं नसताना, सगळं शोधून काढतात. अर्धवट पुसलेलं टेबल. गोधडीचे एकसारखे सुरेख टाके, आणि मग एका तुकड्यावर अचानक वेडेवाकडे. पक्ष्याचा रिकामा पिंजरा, दाराची बिजागरी मोडलेली. शेवटी शिवणाच्या डब्यात, रेशमी कापडात गुंडाळलेला, मान पिरगळलेला कॅनरी पक्षी. लग्नाआधी मिनी गात असे. पुढे त्या दोघी त्या पुराव्याचं काय करतात, ते मी सांगत नाही. ते नाटकातच भेटायला हवं. मिनी स्वतः अखेरपर्यंत रंगमंचावर येत नाही.

ही दोन नाटकं एकामागोमाग वाचली की एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. ओनीलचा खलाशी मरताना कशाची स्वप्नं पाहतो? समुद्रापासून लांब, जमिनीवर, आपलं एक शेत असावं, घर असावं याची. आणि सुझनच्या नाटकात नेमकं ते शेत आहे, ते घर आहे, आणि त्यात एक बाई तीस वर्षं गुदमरलेली आहे. एकाच स्टेजवर, अकरा दिवसांच्या अंतराने. तिने ते ठरवून लिहिलं असं मी म्हणणार नाही. पण त्याच बाकड्यांवर दोन्ही प्रयोगांना बसलेल्या प्रेक्षकाला ते जाणवलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

त्याच सप्टेंबरमध्ये मंडळींनी रीतसर सभा घेऊन संस्थेला 'प्रॉव्हिन्सटाउन प्लेयर्स' हे नाव दिलं आणि न्यूयॉर्कच्या मॅकडूगल स्ट्रीटवर बिऱ्हाड हलवलं. 1917 मध्ये सुझनने याच विषयावर कथाही लिहिली. 1931 साली तिला नाटकाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, दुसऱ्या नाटकासाठी. आणि तरी पुढची कित्येक वर्षं तिचं नाव ओनीलला शोधून काढणारी बाई एवढ्यावरच भागवलं गेलं. 1970 नंतर स्त्रीवादी अभ्यासकांनी तिची नाटकं पुन्हा वर काढली. हा उशीर मला खटकतो.

आपल्याला हे सगळं परकं नाही. 1974 च्या सुमारास दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने प्रयोग सुरू केले, तेव्हा तिथेही मोठं थिएटर नव्हतं. जवळ बसलेले प्रेक्षक होते, खाली उतरलेला रंगमंच होता, आणि लेखकाला पुढचं नाटक कधी देतोस म्हणून विचारणारी माणसं होती. एका पिढीचे लेखक, नट, दिग्दर्शक त्या सभागृहाने घडवले. जिगचं म्हणणं होतं की नाटककाराला स्वतःचं स्टेज लागतं. मी त्यात एवढीच भर घालेन की त्याला तारीखही लागते, आणि आपलं नाव परस्पर जाहीर करणारा कुणीतरी हक्काचा माणूसही.

महाविद्यालयांतल्या आणि हौशी संस्थांतल्या ज्या मंडळींना एकांकिका करायची आहे, त्यांनी 'ट्रायफल्स' जरूर वाचावी. पाच पात्रं, एक प्रवेश, एक स्वयंपाकघर, अर्ध्या तासाचा प्रयोग. बसवाल तेव्हा पुरुषांची पावलं माडीवर वाजताना खाली स्पष्ट ऐकू येऊ द्या, कारण बायकांचा प्रत्येक निर्णय त्या आवाजाखाली होतो. पुरुषांचे संवाद पळवू नका. आणि सुरुवातीला दोघी दाराशी उभ्या असतात, फारसं बोलत नाहीत. तिथे दिग्दर्शकांना त्यांना काहीतरी हालचाल द्यायचा मोह होईल. देऊ नका. त्या उभं राहण्याची तालीम सगळ्यात आधी करा, संवाद नंतर पाठ होतील.

नमस्कार.