पंचमीची तारीख

(दृश्य : धारूर तालुका, जिल्हा बीड. उपकेंद्राचा व्हरांडा. बाकावर चार बायका, पाचवी खाली फरशीवर.)

दसरा झालाय. ऊसतोडीच्या मजुरीची उचल घेऊन झालीय, आता मुकादमाची गाडी कधी लागते एवढंच बाकी. त्याआधी सिस्टरना गावातल्या सगळ्या गरोदर बायकांचं रक्त घ्यायचंय.

"पाळी कधी चुकली?"

"पंचमीला बाहेर बसले होते, बाई. तवापासून न्हाई."

सिस्टर भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागं उलटतात, नागपंचमी शोधतात आणि कार्डावर तारीख लिहितात. मग दंडाला पट्टी, सुई, जांभळ्या बुचाची नळी. रक्त गोठू नये म्हणून नळी हलकेच उलटीपालटी करतात.

(दृश्य : नळी, जवळून.)

हिमोग्लोबिन भरलं साडेआठ. गरोदरपणी अकराच्या खाली म्हणजे ॲनिमिया. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका या रेषेखाली होत्या. रक्त कमी असलं की दिवस भरण्याआधी, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आत, बाळंत होण्याचा धोका वाढतो.

पण या नळीत आणखीही काही असतं. वारेतून आणि बाळाकडून सुटलेले आरएनएचे, म्हणजे पेशींतले निरोप वाहणाऱ्या रेणूंचे, बारीक तुकडे आईच्या रक्तात फिरत असतात. २०१८ साली स्टॅनफर्डच्या स्टीफन क्वेक यांच्या गटानं त्यातले मोजके तुकडे वाचून, कळा लवकर येतील का, याचा अंदाज दोन महिने आधीपर्यंत बांधून दाखवला. बायका होत्या फक्त ३८, तेव्हा लगेच हुरळायला नको. अमेरिकेत आयबीपी४ आणि एसएचबीजी या दोन प्रथिनांचं प्रमाण ताडून पाहणारी चाचणीही आहे. पहिलं वाढलेलं, दुसरं घटलेलं, तर धोका जास्त. ही प्रथिनं आठवड्यागणिक बदलतात, म्हणून रक्त ठरावीक आठवड्यांतच घ्यावं लागतं. कितवा आठवडा, हे मात्र पंचमीच्या तारखेवरूनच काढायचं! पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली तर हिशेब आणखी पक्का. त्यासाठी तालुक्याला जायचं, म्हणजे एक रोज बुडणार.

आपल्याकडे म्हाताऱ्या बायका सांगतात, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. हे साफ उलटं आहे. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या फुप्फुसांना बळ देतो.

आणि धोका कळलाच, तर? २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात, बारा-बारा तासांनी चार. बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. दवाखान्यात धाडण्याआधी पहिला डोस एएनएमनं, म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टरनंच, द्यावा, असं केंद्राच्या २०१४ च्या सूचना सांगतात. तिथंही पहिला प्रश्न तोच, किती आठवडे झाले?

(दृश्य : ट्रक. भांडी, सरपण, एक शेळी.)

पंचमीपासून मोजलं तर सातवा-आठवा महिना फेब्रुवारी-मार्चात येतो. तेव्हा ही बाई परजिल्ह्यातल्या फडावर असेल, डोक्यावर उसाची मोळी. रक्त इथं दिलेलं, कळा तिथं. मला विचाराल तर चाचणी कितीही हुशार निघो, तिचा कागद फडावरच्या त्या कोपीपर्यंत, त्या झोपडीपर्यंत पोचायला हवा.

आशाताई लाल गोळ्यांची पाकिटं मोजून देतात. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालतात, मागं स्वतःचा मोबाइल नंबर.

"पेटीत वरच ठेव. भांड्याखाली टाकू नको."

"वरच ठिवते, ताई."

गाडीचा हॉर्न वाजतो.