फोटोत न दिसणारा हात

आधी नवजात बाळाच्या फोटोशूटची ही खोली बघून घ्या, कॅमेरा बाहेर यायला अजून वेळ आहे. हीटर सुरूय, खोली 26-27 डिग्रीला, फोटोग्राफर ताईंना घाम फुटलाय, पण कपडे काढल्यावर बाळाचं इवलंसं अंग फार पटकन गार पडतं. हे बाळ 9 दिवसांचं आहे. पहिल्या दोन आठवड्यांत बाळं अशी गाढ झोपतात, पोटात असल्यासारखी मुटकुळं करून, म्हणून नवजात बाळांचे फोटो बहुतेक याच दिवसांत काढतात.

आत्ता दचकलं, बघितलंत? दोन्ही हात एकदम बाहेर फेकले. याला मोरो रिफ्लेक्स म्हणतात, काही महिन्यांत आपोआप जातो, तोवर झोपमोड बऱ्याचदा याच्यामुळे होते. त्यासाठी हे गुंडाळणं. हात छातीशी, कमरेखाली मात्र सैल, पाय दुमडायला जागा राहिली पाहिजे. गुंडाळणाऱ्या ताईंच्या बोटांकडे बघा जरा, घाई कुठेच नाही.

आणि हा तो फोटो, सगळ्या आईबाबांना हवा असतो तो, हनुवटी तळहातांवर टेकवून झोपलेलं बाळ. पण असं कुठलंच नवजात बाळ झोपत नाही, कारण डोकं जड आणि मान अजून धरलेलीच नसते. हे खरं तर दोन फोटो आहेत. पहिल्यात असिस्टंटनं डोकं वरून धरलंय, दुसऱ्यात मनगटं धरलीत, मग कॉम्प्युटरवर दोन्ही जोडले आणि तिचे हात पुसून टाकले. बाळावरचा हात एक क्षणही सुटलेला नाही. घरी हे करून बघू नका, इजा होऊ शकते.

हात लपवायची ही गोष्ट फोटोग्राफीइतकीच जुनी म्हणा ना. 1839 मध्ये डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर फोटो उमटवायची पद्धत, जगासमोर आला तेव्हा एका फोटोला कित्येकदा मिनिटं लागायची, पुढे काचेच्या प्लेट आल्या तरी काही सेकंद तरी हलायचं नाही, आणि बाळाला कोण सांगणार हलू नको म्हणून? मग आईच खुर्ची व्हायची. तिच्या डोक्यावरून कापड टाकायचं, मांडीवर बाळ बसवायचं, फोटो काढायचा. असे भरपूर फोटो आज जपलेले आहेत. कापडाखाली खांद्यांचा आकार कळतो, कधीकधी बोटंही बाहेर आलेली असतात, आणि मला प्रत्येक वेळी बाळाआधी तीच दिसतात.

मोठ्या भावंडाचं गणित वेगळं. ही अडीच वर्षांची आहे, एका जागी बसणार नाही, आणि ताई बसवतही नाहीत. उलट ताई स्वतःच जमिनीवर पालथ्या पडल्यात, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या रेषेत, शटर 1/500 सेकंदावर, म्हणजे ती हलली तरी फोटो हलणार नाही, आणि "हस बघू" कुणीच म्हणायचं नाही असं आईबाबांना आधीच सांगून ठेवलंय.

बाळ उठलं. भूक लागलीय, म्हणजे शूट थांबलं, कॅमेरा गादीवर ठेवून दिलाय, आता दूध पिऊन होईपर्यंत कुणी काही बोलणार नाही.

हल्ली ताई अल्बममध्ये दोन्ही देतात, पुसलेला फोटो आणि शेजारी असिस्टंटच्या हातासकटचा मूळ फोटो. एकाच पानावर.