प्रथिन वाचायला सरकारने पैसा का द्यावा

(बीडमध्ये विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्यातलं मामला हे गाव 1994च्या ऑगस्टमध्ये देशभर गाजलं ते प्लेगमुळे. आदल्या वर्षी, 30 सप्टेंबरला, किल्लारीचा भूकंप झाला होता. धक्क्यांच्या धास्तीने लोक घराबाहेर झोपू लागले, धान्य घरात पडून राहिलं, उंदीर माजले, असं कारण सांगितलं जातं. महिनाभरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला आणि लाखो माणसं शहर सोडून पळाली. हा प्लेगच आहे का, यावर जाणकारांत वाद झाले. कुणी मुद्दाम जंतू सोडला असेल, अशा शंकाही निघाल्या. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने त्या साथीतल्या जंतूचा जनुकीय ठसा तपासून तो प्लेगचाच असल्याचा निर्वाळा प्रसिद्ध केला, तेव्हा 2000 साल लागलं होतं.

आज जंतू ओळखायला इतका वेळ लागणार नाही. कोविडने पीसीआर गावोगावी पोचवलं. पण पीसीआर शोधतं जनुक, म्हणजे डीएनए किंवा आरएनए. जंतू नसेल आणि नुसतं विष असेल तर? बोटुलिनम हे एका जंतूने तयार केलेलं विष प्रथिन आहे. आपल्या बांधावरच्या एरंडाच्या बीत असतं ते रिसिनही प्रथिनच. शुद्ध केलेल्या प्रथिनात जनुक जवळपास उरत नाही, आणि पीसीआरला शोधायला काही राहत नाही.

1978 साली लंडनमध्ये जॉर्जी मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाच्या मांडीत दीड मिलिमीटरच्या आसपासची धातूची गोळी घुसवली गेली. चार दिवसांत तो गेला. गोळी सापडली, तिला पाडलेली बारीक छिद्रं सापडली, विष मात्र हाती लागलं नाही. लक्षणं पाहून आणि बाकीच्या शक्यता एकेक करून बाद करत तज्ज्ञ रिसिनपर्यंत आले. प्रथिन थेट वाचता येणं, म्हणजे ते कोणत्या घटकांनी कोणत्या क्रमाने बनलंय हे ओळखता येणं, का हवं, हे मला या प्रकरणाइतकं दुसऱ्या कशातून पटलेलं नाही.

प्रथिन वाचणं नवीन नाही. फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनमधल्या 51 अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या घटकांचा, क्रम लावला आणि त्यासाठी त्यांना 1958चं नोबेल मिळालं. त्या एका रेणूपायी कित्येक वर्षं गेली. आज मास स्पेक्ट्रोमीटर हे रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र आहे. नमुन्यातली प्रथिनं ट्रिप्सिन या विकराने ठरावीक जागी तोडायची, तुकडे विद्युतभारित करून यंत्रात सोडायचे, त्यांचं वस्तुमान मोजायचं आणि माहितीसाठ्याशी ताडून पाहायचं. इथे एक गंमत बघा. ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही दोन वेगळी अमिनो आम्लं, पण वस्तुमान अगदी सारखं. नुसत्या वजनाच्या हिशेबात ती एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. शिवाय माहितीसाठ्यात नसलेलं, कुणी मुद्दाम बदललेलं प्रथिन समोर आलं तर ताडायचं कशाशी?

सगळ्यात मोठी अडचण पुढेच आहे. डीएनएच्या चिमूटभर नमुन्याच्या कोट्यवधी प्रती काढता येतात. प्रथिनाच्या काढता येत नाहीत. जेवढं हातात आहे तेवढ्यातच वाचायचं. म्हणून एकेक रेणू नॅनोछिद्रातून, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रातून, ओढत वाचायचे प्रयत्न चालू आहेत. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी 2021 साली प्रथिनाचा एकच तुकडा अशा छिद्रातून पुन्हा पुन्हा वाचून दाखवला. डीएनएसारखी इथे अक्षरं चार नाहीत, वीस अमिनो आम्लं आहेत, त्यामुळे हे काम लांबचं आहे.

लांबच्या कामात खासगी कंपनी आधी उतरत नाही. ज्या विषाचा रुग्ण वर्षानुवर्षं सापडत नाही, त्याच्या चाचणीला गिऱ्हाईक कुठून येणार? तिथे सरकारच लागतं. 2001 साली टपालातून आलेल्या अँथ्रॅक्सच्या जंतूंच्या पाकिटांनी अमेरिकेत पाच जण दगावले, आणि 2003 पासून तिथल्या शहरांत हवेचे नमुने घेणारी बायोवॉच यंत्रणा उभी राहिली. तीही जनुकच शोधते. त्यांच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने 2013 साली मॉडर्ना कंपनीला एमआरएनए तंत्रासाठी अडीच कोटी डॉलरपर्यंतची मदत मंजूर केली होती. त्या तंत्रातून पुढे कोविडची लस आली, हे तुम्हाला ठाऊक आहे.

पण मला आपल्याच घरचं उदाहरण जास्त मोलाचं वाटतं. 1896 साली मुंबईत प्लेग आला. सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना पाचारण केलं. जानेवारी 1897 मध्ये त्यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. 1899 साली त्यांची प्रयोगशाळा परळला गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच. प्लेगसाठी उभ्या राहिलेल्या त्या घराण्यातून पुढे सर्पदंशावरची लस, म्हणजे दंशानंतर द्यायचं प्रतिविष, महाराष्ट्रभर गेली. मराठवाड्यात पेरणीच्या दिवसांत फुरसं किंवा घोणस चावलेला शेतकरी दवाखान्यात येतो, तेव्हा त्याला या परंपरेचंच औषध मिळतं.

सापाचं विष म्हणजे मुख्यतः प्रथिनांचं मिश्रण, आणि ते प्रदेशागणिक बदलतं. आपल्याकडे लस बनवायला लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं. तिथल्या विषावर बेतलेली लस आपल्या माळावरच्या फुरशाला किती लागू पडते, हे तपासायचं तर दोन्ही विषांतली प्रथिनं वाचावी लागतील. जैविक हल्ला ओळखणारं यंत्र हेच काम रोज करू शकतं. लग्नाच्या पंगतीतल्या विषबाधेतही तेच: स्टॅफिलोकॉकस हा जंतू उकळीत मरतो, त्याने सोडलेलं प्रथिन टिकतं, आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहायची तपासणी, काही दाखवत नाही. उपासाच्या भगरीवरच्या बुरशीचं विष मात्र प्रथिन नव्हे, लहान रेणू आहे. तिथे वेगळी तपासणी लागेल, हेही सांगून टाकतो.

आपल्या देशाने 2020-21 मध्ये संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के खर्च केला. 2023च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं. त्याच्या पाच वर्षांच्या 50,000 कोटींच्या निधीपैकी बराच मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून येईल, असं त्यात गृहीत आहे. ग्वाल्हेरची डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची प्रयोगशाळा जैविक संरक्षणाचं काम करते, पुण्याला एनआयव्ही ही विषाणूंचा अभ्यास करणारी संस्था आहे. माझी मागणी अशी की या कामाच्या पैशातला एक हिस्सा मराठवाड्यात यावा. एक मास स्पेक्ट्रोमीटर छत्रपती संभाजीनगरला, नमुने उणे 80 अंशांवर ठेवणारे फ्रीझर जिल्ह्याच्या ठिकाणी, वीज गेली तरी ते चालू राहतील अशी सोय, आणि यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञांची पदं कंत्राटी नव्हे, कायमची. तुमच्यापैकी जे जीवरसायनशास्त्र शिकताय, त्यांनी या पदांची मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे आत्तापासून लेखी करायला हवी.