हुकूम कोणाचा?

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात लाल टोपी घातलेला, दंडावर ‘एमपी’ अशी पट्टी बांधलेला जवान दिसला की नवखा दुचाकीवाला आपोआप गाडी हळू करतो. हे मिलिटरी पोलीस. त्यांचा धाक सैनिकांना. तुमच्या घरी चोरी झाली, तर जायचं ते नेहमीच्या पोलीस ठाण्यातच.

फ्रान्सच्या खेड्यात मात्र चोरीच्या तपासाला येतो तो जाँदार्म. हुद्दा लष्करी, बिऱ्हाड बराकीत, काम पोलिसाचं. राज्यक्रांतीच्या काळात, १७९१ साली, या दलाला जाँदार्मरी हे आजचं नाव मिळालं. २००९ पासून ते गृहमंत्र्यांच्या हाताखाली आहे. सैनिकपण तेवढं कायम राहिलं. इटलीतले काराबिनिएरी १८१४ सालचे. ते संरक्षण खात्याचे, पण सुव्यवस्थेच्या कामात गृहखात्याचं ऐकतात.

आपल्या देशात या घडणीच्या जवळ जाणारं दल म्हणजे ईशान्येतलं आसाम रायफल्स. कारभार गृह मंत्रालयाकडे, मोहिमेवरचा हुकूम लष्कराचा.

आणि नाशिक? मालेगावात तणाव वाढला, गोदाघाटावर पर्वणी आली, की आपण म्हणतो, ‘एसआरपी आली.’ राज्य राखीव पोलीस बल, स्थापना १९४८. आपल्याला जवळचा गट धुळ्याचा. गट, कंपनी, प्लाटून अशी रचना पलटणीची; जवान मात्र पोलीसच. रात्रभर उभे राहून आलेले हे जवान एखाद्या शाळेच्या वर्गात पथाऱ्या टाकतात. खिडकीच्या गजांवर मोजे वाळत असतात, फळ्याखाली ढाली रांगेनं टेकवलेल्या. आपण त्यांना कधी साधं पाणीसुद्धा विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

२७ ऑगस्ट २००३. सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. अशा गर्दीत बंदूक काय कामाची? तिथं लागतो दोरी धरून तासन्‌तास जागचा न हलणारा माणूस.

देवळालीत तोफखान्याचं एवढं मोठं प्रशिक्षण केंद्र, पण तिथलं लष्कर मनाला आलं म्हणून शहरात उतरत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याची, कलमं १४९ आणि १५० पाहा. जमाव दुसऱ्या कशानंच पांगत नसेल, तर जिल्हा दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी सैन्याला पाचारण करतात. सैन्यानंही बळ कमीत कमी वापरायचं. दंडाधिकाऱ्यांशी संपर्कच होत नसेल, तेव्हाच लष्करी अधिकाऱ्याला स्वतः पाऊल उचलता येतं; संपर्क झाला की पुन्हा त्यांचंच ऐकायचं.

त्र्यंबक रोडवर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. इथल्या मैदानावर भावी फौजदारांचे बूट एका तालात पडतात. डोळे मिटून ऐकलं, तर पलटणच वाटावी. पण याच मुलामुलींना वर्गात बसून कायदाही शिकायचा असतो, आणि त्यात याच संहितेचं कलम १४८ येतं : जमावाला पांगण्याचा हुकूम कोणी द्यायचा. दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी. आणि तो हजर नसेल, तर फौजदार.