हजेरीत अडखळलेली नावं

नमस्कार. आधीच एक सांगून टाकतो, आम्हा कोल्हापूरच्या बायकांना 'मी जातो, मी येतो' असंच बोलायची सवय, 31 वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं तरी माझं काही ते सुटलं नाही, तेव्हा पुण्याहून इथं सून होऊन आलेल्या ज्या कुणी असतील त्यांनी आज सांभाळून घ्यायचं.

विषय आहे बाळाचं नाव आणि त्याचा उच्चार. वाचनालयाच्या मंडळींनी दिलाय म्हणतात, पण खरं तर मीच ओढवून घेतलाय. तीन महिन्यांपूर्वी माझ्या भाच्याला मुलगा झाला. गुरुजींनी चिठ्ठी लिहून दिली, आर्द्रा नक्षत्र, तिसरा चरण, आद्याक्षर ङ. आता सांगा! 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे 4 चरण, म्हणजे 108 अक्षरं, त्यातली आर्द्रेच्या वाट्याला आली कु, घ, ङ, छ. हस्त नक्षत्रात एका चरणाला ण आहे, उत्तराभाद्रपदेला ञ आहे. ज्यानं कुणी हे कोष्टक बसवलं त्यानं मुळाक्षरं सगळ्यांना सारखी वाटून दिली आणि पुढं आईबापांचं काय होईल ते होईल म्हणून सोडून दिलं बघा. पहिलीच्या पोरांना मी ङ शिकवायचो तेव्हा पोरं म्हणायची, बाई, ह्या ड ला टिंब लागलंय, पुसू का? गुरुजी व्यवहारी माणूस, म्हणाले मिथुन रास आहे, क नाहीतर घ वरून जन्मनाव धरा, हाक मारायचं तुम्हाला आवडेल ते ठेवा. मग भाच्यानं आणि सूनबाईनं नाव काढलं, ऋत्विज.

ऋत्विज म्हणजे यज्ञ करणारा पुरोहित, अर्थ चांगला, नाव जुनं. पण घरच्या ग्रुपवर पडलं आणि दहा मिनिटांत निम्म्या लोकांनी त्याचं ऋत्विक केलं, एकानं विचारलं रुत्विज का रित्विज, दुसऱ्यानं विचारलं शेवटचा ज जिवातला का जगातला, आणि मुंबईच्या काकांनी नुसता अंगठा पाठवला. ते राहू दे तिथंच, त्याच्याकडं नंतर येतो.

माझी स्वतःची एक चूक आधी सांगितली पाहिजे. जूनमधला शाळेचा पहिला दिवस, बाहेर पाऊस, ओल्या दप्तरांचा वास, नवं कोरं हजेरीपुस्तक. मी नावं वाचत चाललेलो. एक नाव आलं, चारू. मी वाचलं चमच्यातल्या च नं. मागच्या बाकावरनं एक पोरगं म्हणालं, "बाई, काय चारू? म्हसरं?" वर्ग फुटला की. पेठेतली पोरं ती, निम्म्यांच्या दारात म्हैस, त्यांना काय कमी सुचतंय. चारू म्हणजे सुंदर, संस्कृतातला शब्द, त्यातला च चहातला. चमच्यातला च लावला की त्याचं क्रियापद होतं, गुरं चारू, शेळ्या चारू. मी लगेच सुधारून वाचलं, पण व्हायचं ते झालं होतं. ती पोरगी गप्प. वर्षभर तिला वर्गात 'म्हसरं' म्हणायचे आणि मला ते कळलं एप्रिलअखेर, तिची आई प्रगतिपुस्तक न्यायला आली तेव्हा. आई भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, बाई, आम्ही घरी आता चिऊच म्हणतो. आणि बघा, चिऊतला च कुणाला चुकवायचा म्हटलं तरी चुकत नाही, पुढं इ आली की जीभ आपोआप टाळ्याला जाते. त्या माउलीनं कुठलं व्याकरण न वाचता बरोबर पळवाट काढली.

च, ज, झ ही अक्षरं एकेक आणि त्यांचे आवाज दोन-दोन. राजारामपुरीतला जा म्हणा बघू. आता शिवाजी पेठेतला जी म्हणा. म्हणा की, लाजताय काय, शेजारी कोण बघत नाही. जा ला जीभ दाताच्या मागं टेकली, जी ला वर टाळ्याकडं गेली. लिहिताना काही फरक आहे? टिंब नाही, रेघ नाही, काही नाही. लागतच नाही, कारण चमचा कसा म्हणायचा आणि चहा कसा म्हणायचा हे आपल्याला वाचायच्या आधीपासनं माहिती असतं. आपण शब्द अक्षरावरनं वाचत नाही हो, ओळखीवरनं वाचतो. आणि नाव हा एकच शब्द असा आहे की तो पहिल्यांदा समोर येतो तेव्हा अनोळखी असतो आणि तेव्हाच नेमका चारचौघांत मोठ्यानं वाचायचा असतो. शाळेत हजेरी, दवाखान्यात नंबर, बक्षीस समारंभात माईक. नाव अवघड असतं ते एवढ्यासाठीच, त्याला बिचाऱ्या अक्षराचा दोष नाही.

आणि अवघड तरी कुणाला, हे पण बघायला पाहिजे. ळ घ्या. आपल्याकडं ळ कुणाला शिकवावा लागतो का? मिसळ, गूळ, रंकाळा, पन्हाळा, कळंबा, ळ शिवाय आपला दिवस उजाडत नाही. निपाणीच्या पलीकडं गेलात तर कन्नडमध्ये पण ळ ठणठणीत आहे. तरी गेल्या काही वर्षांत हजेरीपुस्तकातनं ळ जात चाललेला मी बघितला. मंजुळा गेली, बकुळा गेली, गोपाळचा गोपाल झाला, कमळचं कमल तर कधीच झालं. का, तर पुढं पोरगं दिल्लीला गेलं, परदेशी गेलं तर त्यांना म्हणता येणार नाही. अहो, जन्मून 10 दिवस झालेत त्याला, दिल्ली कुठली काढताय? माझं मत विचाराल तर पोराच्या नावात एक तरी ळ असावा. चला, हे मत म्हणजे म्हातारीचा हट्ट समजा.

ज्ञ ची गंमत वेगळी. अक्षर ज् आणि ञ मिळून झालेलं, पण आपण म्हणतो द्न्य, हिंदीवाले ग्य, गुजरातीत ग्न. आपण ज्ञानेश्वर इंग्रजीत डी-एन-वाय नं लिहितो, मग बाहेरचा माणूस डि-न्या-ने करत बसतो आणि आपण त्याच्यावर चिडतो. आणि हिंदीवाल्यानं ग्यानेश्वर म्हटलं की नाक मुरडतो, पण पालखीत आपलीच माणसं टाळ घेऊन काय म्हणतात? ग्यानबा-तुकाराम! तिथं ग्य चालतो, तिथं कुणी शुद्धलेखन काढत नाही. ऋ चं पण तसंच, आपली ऋतुजा 'रु' ची, हिंदीत तीच 'रि' ची. दोघंही आपापल्या घरी बरोबर. आणि आपण ज्याला ऋषिकेश लिहितो तो मुळात हृषीकेश, हृषीक म्हणजे इंद्रियं, त्यांचा ईश, विष्णूचं नाव. ह म्हणायचा कंटाळा आला म्हणून आपण त्याला ऋषी करून केस पण लावले.

बाहेरच्या देशांत हा घोळ नाही असं समजू नका. आयर्लंडमध्ये मुलीचं एक नाव आहे, नीव. लिहितात कसं, तर एन-आय-ए-एम-एच. आपल्याला एम-एच म्हटलं की पुढं 09 आठवतं, गाडीची नंबरप्लेट. पण त्यांच्या भाषेत एम-एच चा व होतो हा साधा नियम आहे, त्यांच्या पहिलीतल्या पोराला माहिती असतो. जपानचं तर मला फार आवडलं. तिथं नाव चिनी वळणाच्या चित्राक्षरांत लिहितात आणि एकाच अक्षराची वाचनं अनेक, त्यामुळं आईबाप लिहिणार एक आणि वाचा म्हणणार भलतंच, मास्तरांचे हाल. शेवटी सरकारनं कायदा बदलला आणि 26 मे 2025 पासून कुटुंबाच्या नोंदवहीत नावाचा उच्चार पण वेगळा लिहून ठेवायचा ठरला, तोही लोकांना पटेल असा पाहिजे. असा उच्चाराचा एक रकाना माझ्या हजेरीपुस्तकात असता तर चारूचं म्हसरं झालं नसतं.

आइसलँडमध्ये तर नावांची समितीच आहे, 1991 पासून. नवीन नाव ठेवायचं असेल तर ते त्यांच्या व्याकरणात बसतं का, त्याला विभक्तीचा प्रत्यय लागतो का, ते बघतात. हे वाचून मी थांबलोच, कारण आपल्याकडं पण हे होतं की. रामाला, गोविंदाला, सीतेला, गंगेला, जुनी नावं वाकायची. आता विहानला, अन्वीला, नाव आहे तसं ताठ उभं आणि प्रत्यय बाहेरनं चिकटवलेला. चांगलं की वाईट ते नाही सांगत. पण आमच्या आईला विचारा, ती अजून "मीरेला बोलव" म्हणते, आणि मीरा पळत जाते.

आईवरनं आठवलं. आई 87 वर्षांची, कागलजवळच्या खेड्यातली, विहिरीला इहीर म्हणते, विठ्ठलाला इठ्ठल. आमच्या घरात दोन भावांच्या दोन नातवंडांची नावं, एकाचं विहान आणि एकाचं इहान. ठेवताना इंग्रजीत किती छान वेगळी दिसली! आई अंगणातनं "इहान!" म्हणून हाक मारते आणि दोन पोरं येऊन उभी राहतात. बरं, आईच्या तावडीतनं सुटलं तर गल्ली आहे. गल्लीत कुठलंही नाव आठ दिवसांच्या वर टिकत नाही, संज्या, पव्या, अथर्वचा अथ्र्या. शौर्य नाव ठेवणाऱ्यांना तर मी हात जोडतो, गल्लीला काही करायलाच लागलं नाही, तयारच आलंय, शौऱ्या! म्हणून माझ्याकडं कुणी नाव विचारायला आलं की मी पुस्तक उघडत नाही. म्हणतो, गच्चीवर जा, खाली पोरगं चिखलात खेळतंय असं समज आणि जेवायला ये म्हणून तीनदा हाक मार. मग रागावून मार. मग आजीला मारायला सांग. निम्मी नावं तिथंच गळतात.

आता कागदाचं थोडं, कारण खरा त्रास तिथं आहे. पूर्वी सोपं होतं, 17 मार्च 1884 ला कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव करवीरच्या गादीला दत्तक आले आणि शाहू झाले. त्यांना आधार कार्ड लिंक करायचं नव्हतं. आता जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते. पण नाव त्याच दिवशी द्यायची सक्ती नाही, हे बऱ्याच जणांना माहिती नसतं. नावाशिवाय नोंद होते, 12 महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं, त्यानंतर फी भरून 15 वर्षांपर्यंत. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून पुढं जन्मलेल्यांना शाळेपासनं पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला, तेव्हा गडबड करू नका, आणि मराठीइतकंच इंग्रजी स्पेलिंगकडं डोळे लावून बघा. माझ्या लेकीचं नाव मृ नं सुरू होतं, एका कारकुनानं एम-आर-यू केलं, दहावीच्या सर्टिफिकेटवर एम-आर-आय आलं, आणि नोकरी लागताना दोन वेगळ्या मुली आहेत का म्हणून विचारणा. शेवटी गॅझेटमध्ये छापून आणलं. 'रु' का 'रि', एवढ्यासाठी तीन महिने हेलपाटे.

तर बारसं झालं. घुगऱ्या, पाळण्याला झेंडूच्या माळा, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, बाळ वरनं-खालनं फिरवून झालं, आणि भाची, म्हणजे बाळाची आत्या, कानाशी वाकली आणि कुर्रर्र केलं, मागनं बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. नंतर मी तिला बाजूला घेऊन विचारलं, काय म्हणालीस गं, रु का रि? आणि शेवटचा ज कुठला? ती म्हणाली, आत्या, एवढे धपाटे बसले की मी नावच विसरलो, नुसतं कुर्र केलं. तोवर आई काठी टेकत पाळण्यापाशी गेली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "काय वं बाळू, निजलाईस व्हय?"

तेव्हापासनं घरात सगळे बाळूच म्हणतात. दाखल्यावर नावाचा रकाना रिकामा आहे, 12 पैकी 3 महिने गेलेत.